राजा रविवर्मा: कॅनव्हास, शिळा आणि घरातली तसबीर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रविवर्मांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. पण बहुतेकांनी पाहिलेली असते ती त्यांच्या चित्राची छापील प्रत, तीही प्रतीवरून केलेली प्रत. कॅनव्हासवर त्यांनी काय केले आणि त्यांनीच काढलेल्या घाटकोपर-मळवलीच्या छापखान्यात त्याचे काय झाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र केल्या की कौतुकही चुकते आणि टीकाही. पुढची उत्तरे हा फरक धरून दिली आहेत.

रविवर्मा खरोखर राजे होते का?

नाही. कोणत्याही संस्थानावर त्यांचे राज्य नव्हते. २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरमधल्या किळिमानूरच्या जहागीरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीचे जुने नाते होते. आई उमयम्बा कवयित्री होत्या, आणि मामा राजराज वर्मा तंजावर पद्धतीची चित्रे काढत. चौदाव्या वर्षी मामांनीच त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

ते चित्रकला कोणाकडे शिकले?

कोणत्याही कलाशाळेत नाही. पहिले धडे मामांकडून मिळाले. तैलरंग मात्र त्यांनी जवळजवळ स्वतःच आत्मसात केले. दरबारात रामस्वामी नायकर हे तैलरंगांचे जाणकार होते, पण त्यांनी शिकवायला नकार दिला असे सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय व्यक्तिचित्रकार त्रावणकोरला आले. ते काम करत असताना बाजूला उभे राहून पाहण्याची मुभा रविवर्मांना मिळाली. शिकवणी नाही, फक्त पाहणे. पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, केस सजवणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही पारितोषिक मिळाले.

‘तैलरंग वापरणारे पहिले भारतीय’ असे त्यांच्याविषयी लिहिलेले वारंवार आढळते. ते चूक आहे, आणि नायकरांचे उदाहरण याच गोष्टीत आहे. रविवर्मांचे मोठेपण पहिले असण्यात नाही. व्यक्तिचित्रासाठी आलेले हे माध्यम त्यांनी आपल्या पुराणकथांना लावले, आणि ते इतके बेमालूम लावले की आज तेच ‘पारंपरिक’ वाटते.

त्यांच्या चित्रांमागच्या प्रेरणा कोणत्या?

पहिली संस्कृत साहित्याची. महाभारत, रामायण आणि कालिदास त्यांना घरातूनच मिळाले होते. शकुंतला त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येते: कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी, पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी, आईबापांनी टाकलेली तान्ही.

दुसरी प्रेरणा रंगभूमीची, आणि मराठी वाचकाला ती लवकर ओळखू येते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगमंचावर आले. पारशी कंपन्यांची नाटके तर त्याआधीपासून मुंबईत चालू होती. रविवर्मांच्या पुराणचित्रांत पात्रे एका उथळ मंचावर उभी असल्यासारखी दिसतात. प्रेक्षकाकडे कोणाची पाठ क्वचितच असते, प्रवेशाचा ऐन क्षण पकडलेला असतो आणि मागे पडदा रंगवावा तसा महाल किंवा वनराई असते. केरळातल्या कथकलीत डोळे आणि हात बोलतात, तो संस्कारही त्यात मिसळलेला आहे.

तिसरी प्रेरणा प्रवासाची. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलसाठी चौदा पुराणचित्रे सांगितली. ती रंगवण्याआधी रविवर्मा धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह उत्तर भारतात फिरले. नायिकांना नेसवायचे काय आणि त्यांनी ल्यायचे काय, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. चौथी गोष्ट म्हणजे युरोपीय चित्रांच्या छापील प्रती आणि छायाचित्रे. ती ते संदर्भासाठी बाळगत. त्यात लपवण्यासारखे काही नाही, त्या काळचे यथार्थवादी चित्रकार असेच काम करत.

त्यांचे मुख्य विषय कोणते?

तीन. पोटापाण्याचा आणि प्रतिष्ठेचा विषय म्हणजे संस्थानिक, दिवाण आणि ब्रिटिश अधिकारी यांची व्यक्तिचित्रे. दुसरा पुराणकथांचा: शंतनू-मत्स्यगंधा, नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, कंस आणि माया. तिसरा भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या स्त्रिया. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाला त्यांनी दहा चित्रे पाठवली, ती या तिसऱ्या गटातली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या एका चित्रात वेगवेगळ्या प्रांतांच्या, वेगवेगळ्या पेहरावांतल्या अकरा गायक-वादक स्त्रिया एकत्र बसल्या आहेत. असा मेळा प्रत्यक्षात भरला असेल असे नाही. संपूर्ण देश एका चौकटीत बसवण्याची कल्पना त्यामागे आहे.

त्यांनी देवांना माणसांसारखे रंगवले, म्हणजे नेमके काय केले?

देवाला वजन दिले. तंजावर चित्रातली लक्ष्मी समोरून, सपाट, सोन्याच्या वर्खात उजळलेली असते. तिच्यावर कुठल्याही एका बाजूने प्रकाश पडत नाही, तिची सावली नसते. रविवर्मांची लक्ष्मी कमळावर उभी आहे, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती आहे, आणि एवढ्या अद्भुत गोष्टीतही साडीची निरी गुडघ्यावरून कशी वळते हे बारकाईने पाहिलेले आहे. हात चार, पण प्रत्येक हात खांद्याला कुठे जोडला असेल याचा शरीरशास्त्राच्या अंगाने विचार केलेला. सरस्वती खडकावर बसली आहे, जवळ मोर आहे, वीणेचा भार मांडीवर आलेला जाणवतो.

चेहरेही याच विचारातून आले. प्रत्यक्ष माणसे समोर बसवून ते रंगवत. मुंबईतल्या त्यांच्या कामासाठी बसलेल्या स्त्रियांत गायिका अंजनीबाई मालपेकर यांचे नाव घेतले जाते. म्हणूनच त्यांच्या देवी ओळखीच्या वाटतात. भक्ताला हे चेहरे आपले वाटले, आणि सनातनी मंडळींना नेमके हेच खटकले.

त्यांच्या सगळ्या नायिका नऊवारीत आहेत का?

नाहीत. हा समज महाराष्ट्रात फार पक्का आहे. काही नायिकांचा कासोटा स्पष्ट दिसतो, काहींची साडी गोल आहे, केरळी स्त्रिया मुंडूत (कमरेला गुंडाळायच्या साध्या वस्त्रात) आहेत आणि वनातल्या शकुंतलेचा वेश साधा आहे. खरे एवढेच की पुराणातल्या पात्रांना कोणत्याही एका प्रांताचे न दिसणारे, तरी ओळखीचे वाटणारे वस्त्र हवे होते, आणि त्यासाठी समोर निऱ्या, खांद्यावर पदर, अंगात चोळी असा घाट त्यांनी पुष्कळदा वापरला. पुढे छापील चित्रे घरोघर गेल्यावर तोच देवीचा ठरलेला वेश झाला.

त्यांची शैली ओळखायची कशी? चित्रासमोर उभे राहिल्यावर काय पाहावे?

आधी प्रकाश कुठून येतो ते शोधा. तो बहुधा एका बाजूने, वरून येतो. हनुवटीखाली, चोळीच्या बाहीखाली, निऱ्यांच्या घडीत सावली पडते आणि ती सावली काळी नसते, उबदार तपकिरी असते.

मग हात पाहा. चेहरा शांत असला तरी हात गोष्ट सांगतात: लाजेने पदर ओढणारा, नकार देणारा, आधार शोधणारा. त्यानंतर कापड. रेशीम आणि सुती कापड त्यांनी वेगळे रंगवले आहे. रेशमाच्या घडीवर प्रकाशाची रेघ अरुंद आणि धारदार असते, सुती कापडावर ती पसरट आणि मऊ. काठाची नक्षी घडीबरोबर दुमडते, मध्येच तुटते आणि पुढच्या घडीवर पुन्हा सुरू होते. नक्कल करणारे इथेच पकडले जातात, कारण ते काठ सरळ पट्टीसारखा ओढत नेतात.

शेवटी पार्श्वभूमी. झाडी, पाणी, आकाश मुख्य आकृतीपेक्षा सैल हाताने रंगवलेले दिसेल. अनेक चित्रांत हा भाग धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांचा आहे. ते निसर्गचित्रणात तरबेज होते आणि १९०५ मध्ये वारले तोवर दोघांनी जोडीने काम केले. त्यांनी इंग्रजीत ठेवलेल्या रोजनिशीमुळे दोघांच्या कामाच्या पद्धतीबद्दल आज एवढे बोलता येते. या भावाचे नाव चित्रांखाली क्वचित येते. ते यायला हवे होते.

दागिन्यांत खरे सोने वापरले आहे का?

तैलचित्रांतले सोने हा रंगाचा खेळ आहे. तंजावर पद्धतीत सोन्याचा वर्ख चिकटवतात. रविवर्मांनी मामांकडे ते पाहिले होते आणि तरी ते बाजूला ठेवले. सोने पिवळे नसते, ते आसपासचे रंग परावर्तित करते. मधल्या छटेला गेरू-पिवळा आणि अंबर (मातकट तपकिरी रंग), सावलीत गडद तपकिरी, त्वचेजवळच्या कडेला लालसर झाक, आणि चमकेचा फिकट ठिपका अगदी लहान. हा ठिपका मोठा झाला की दागिना सोन्याचा न दिसता प्लास्टिकचा दिसतो.

हातात समई घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र त्यांचेच ना?

नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. सावंतवाडीच्या या थोर चित्रकाराने ते १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे रविवर्मांच्या मृत्यूनंतर जवळपास चाळीस वर्षांनी केले. चित्र जलरंगात आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, रविवर्मांच्या चित्रांच्याच इमारतीत असल्याने गोंधळ वाढला. बोटांच्या फटीतून झिरपणारा लालसर उजेड जलरंगात साधणे महाकठीण आहे. त्याचे श्रेय हळदणकरांनाच दिले पाहिजे.

ओलिओग्राफ म्हणजे काय? तो कसा छापत?

तैलचित्रासारखे दिसावे म्हणून दगडावरून अनेक रंगांत छापलेले, वर रोगण (व्हार्निश) दिलेले चित्र. मराठीत ‘शिळाप्रेस’ म्हणतात त्याच तंत्राचे हे रंगीत रूप.

लागणारा दगड म्हणजे बारीक कणांचा चुनखडक, आणि त्यातला उत्तम बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा. साठ बाय ऐंशी सेंटिमीटरची, आठ सेंटिमीटर जाडीची एक शिळा शंभर किलोच्या आसपास भरते. आधी तिच्यावर वाळू आणि पाणी घालून दुसरी शिळा फिरवत पृष्ठभाग सपाट आणि किंचित खरबरीत करतात. हा ‘दाणा’ नीट आला नाही तर चित्रात छटा उतरत नाहीत, नुसते डाग पडतात.

मूळ चित्राची बाह्यरेषा उतरवून तिचा फिकट ठसा प्रत्येक शिळेवर घेतात. दगडावरचे चित्र उलटे असावे लागते, आरशात दिसते तसे, कारण कागदावर ते पुन्हा उलटते. मग कारागीर ठरवतो की मूळ चित्रातल्या अमुक छटेत पिवळा किती, गुलाबी किती, निळा किती. प्रत्येक रंगाची शिळा स्वतंत्र. त्या रंगाचा वाटा तो तेलकट खडूने किंवा तेलकट शाईच्या बारीक ठिपक्यांनी शिळेवर काढतो. एका चित्राला आठ-दहा शिळा सहज लागत, चांगल्या कामाला पंधरा आणि त्याहून जास्तही.

नंतर शिळेवर डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब घालून लेप देतात. त्यामुळे तेलकट भाग शाई धरतो आणि मोकळा भाग पाणी धरतो. ॲसिड जास्त झाले तर नाजूक छटा खाल्ल्या जातात. कमी झाले तर मोकळी जागाही शाई धरू लागते आणि चित्र मळते. छापताना शिळा ओली करायची, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाब द्यायचा. साधारणपणे फिकट रंग आधी, गडद शेवटी. प्रत्येक रंग वाळल्यावरच पुढचा.

सगळ्यात अवघड असते रंगाचा मेळ बसवणे. दहा वेळा मशिनीतून जाणारा कागद दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. अर्धा मिलिमीटर सरकला तरी ओठ तोंडाबाहेर जातात आणि साडीच्या कडेला पांढरी किंवा निळी रेघ दिसते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना यावरून येते. शेवटी रोगण देत. काही प्रतींवर कॅनव्हासच्या विणीचा उठाव दाबून आणलेला असतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की शिळेवरचा एकही ठिपका रविवर्मांच्या हातचा नसे. छटांचे निर्णय घेणारे कारागीर निराळे होते, त्यांत जर्मन तंत्रज्ञही होते. छापील लक्ष्मीचे गाल जास्त गुलाबी दिसतात, सावल्या कमी दिसतात, त्याचे कारण हेच.

छापखाना मुंबईजवळ का काढला, आणि तो हातातून का गेला?

चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात हे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनी रविवर्मांना कधीच सुचवले होते. बडोद्याची चित्रे पाहायला झालेली गर्दी पाहून त्याची निकडही पटली. १८९४ मध्ये छापखाना मुंबईत सुरू झाला आणि घाटकोपरचे नाव त्याच्याशी जोडले गेले. बंदर जवळ असल्याने जर्मनीहून यंत्रे आणि शिळा आणणे सोपे, बाजारपेठ दाराशी. ‘शकुंतला जन्म’ हे पहिले छापील चित्र मानतात.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कामगार पळाले, धंदा विस्कटला. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, जिथून एका बाजूला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या बाजूला भाज्याची. पण खर्च आणि कर्ज वाढतच गेले, आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. पुढची कित्येक वर्षे तो जोरात चालला, मात्र रविवर्मांची देखरेख उरली नाही. तरुण वयात धुंडिराज गोविंद फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले. हेच पुढे चित्रपटांचे दादासाहेब फाळके.

देवादिकांची रंगीत चित्रे छापणारे रविवर्मा पहिले नव्हते, हेही नोंदवायला हवे. पुण्याची चित्रशाळा त्यांच्या पंधराएक वर्षे आधीपासून हे काम करत होती.

आमच्या घरात आजोबांच्या काळची तसबीर आहे. ती खरी रविवर्मा प्रेसची आहे का?

दिवसाच्या उजेडात, दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन बसा. चित्र काचेतून पाहू नका, पण तसबीर उघडताना घाईही करू नका.

आधी खालचा समास. तिथे चित्राचे नाव आणि छापखान्याचे नाव असते: घाटकोपर, कार्ला-लोणावळा किंवा मळवली-लोणावळा असा पत्ता. घाटकोपरचा पत्ता असलेल्या प्रती बहुधा जुन्या. पण ‘रवि उदय प्रेस’ असे नाव असेल तर तो वेगळा छापखाना, नावाच्या साधर्म्याने फसू नका. समासच कापला असेल, आणि चौकटीत बसवण्यासाठी तो सर्रास कापत, तर पुढच्या खुणांवर जावे लागते.

भिंगातून गालाचा भाग पाहा. शिळेवरच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, खडूच्या दाण्यासारखे दिसतात, आणि एकमेकांवर चढलेले चार-पाच रंग ओळखता येतात. ठिपके सारख्या अंतरावर, रांगेत किंवा छोट्या फुलासारख्या वर्तुळात दिसले तर ती नंतरची ऑफसेट छपाई. फवाऱ्यासारखे अतिसूक्ष्म कण दिसले तर ती संगणकाच्या प्रिंटरवरची आजची प्रत, मग कागद चहाच्या पाण्याने कितीही पिवळा केलेला असो. चहाने रंगवलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा असतो. खरा जुना कागद कडांना, आणि मागच्या फळीच्या फटी जिथे होत्या तिथे, जास्त काळपटतो.

माप बहुधा १४ बाय २० इंच किंवा २० बाय २८ इंच यांच्या जवळपास असते. रविवर्मांची सही दिसली तर हरखून जाऊ नका. ती मूळ चित्रासोबत छापली गेलेली असते.

चित्रावर जरी, टिकल्या, कापड चिकटवले आहे. ते काढून टाकावे का?

मुळीच नाही. देवीच्या छापील साडीवर खऱ्या कापडाची साडी, जरीचे काठ, मणी, टिकल्या लावण्याची रीत होती. घरच्या बायकांनी किंवा कारागिरांनी केलेले हे काम आता त्या चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे आणि संग्राहक त्याची वेगळी कदर करतात. ते काढायला गेलात तर खालचा रंगही सोलून निघेल. फक्त गंजलेल्या टिकल्यांभोवती तपकिरी वलय वाढत असेल तर कागद-संवर्धकाला दाखवा.

अशी तसबीर टिकवायची कशी?

शत्रू चार आहेत: ओल, ऊन, मागची लाकडी फळी आणि आपण स्वतः केलेली दुरुस्ती.

जुन्या तसबिरींत चित्र थेट काचेला टेकलेले असते. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरते, रोगण मऊ पडते आणि चित्र काचेला चिकटते. असे झाले असेल तर ओढू नका, काचेसकट संवर्धकाकडे न्या. सुटे असेल तर नव्या चौकटीत आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) घालून काच आणि चित्र यांत दोन-तीन मिलिमीटरची पोकळी ठेवा. मागची देवदारी फळी आम्ल सोडते, कागदावर तिच्या रेघा उमटतात. तिच्या जागी आम्लविरहित पुठ्ठा घाला, पण फळीवर दुकानाची चिठ्ठी किंवा तारीख असेल तर ती फळी जपून ठेवा.

तसबीर भिंतीला सपाट लावू नका. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की मागे एक सेंटिमीटर हवा खेळते, बुरशी आणि कसर दोन्ही कमी होतात. बाहेरच्या बाजूची, पावसाने भिजणारी भिंत टाळा. देव्हाऱ्यातल्या निरांजनाची काजळी आणि उदबत्तीचा धूर रोगणावर बसतो, म्हणून जुनी प्रत देव्हाऱ्यात न ठेवता तिथे नवी ठेवणे बरे. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि उजेड ५० लक्सच्या आसपास असावा असे कागदी चित्रांसाठी मानतात. घरात एवढे काटेकोर जमत नाही, पण थेट ऊन टाळणे जमते. गुलाबी आणि लाल रंग आधी उडतात. चेहरा हिरवट-निळसर दिसू लागला की समजावे, वरचा लाल गेला.

ओल्या फडक्याने पुसणे, कापलेला बटाटा चोळणे, रॉकेल लावणे, मागून सेलोटेप लावणे, लॅमिनेशन करणे: यांतले काहीही करू नका. सेलोटेपचा डिंक दहा-वीस वर्षांत पिवळा होऊन आरपार उतरतो. लॅमिनेशन तर परत फिरवताच येत नाही.

त्यांच्यावर टीका का झाली?

बंगालमधल्या नव्या कलाचळवळीला ही शैली परकी वाटली. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींनी त्यात नाटकीपणा आणि कल्पनेचा अभाव पाहिला. पत्र लिहिताना पालथी पडलेली शकुंतला भगिनी निवेदितांना मर्यादेला धरून वाटली नाही. नाटकीपणाचा आक्षेप काही चित्रांना लागू पडतो. गर्दीच्या प्रसंगांत आकृत्या एकमेकींशी बोलत नाहीत, प्रेक्षकाशी बोलतात. गोरी कांती, उच्चकुलीन घाट आणि ठरावीक सौंदर्य यांचा जो साचा पुढे रूढ झाला त्याचाही विचार झाला पाहिजे. पण ‘परके तंत्र’ हा आक्षेप आज टिकत नाही. तंत्र बाहेरून आले, ते कशासाठी वापरायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

त्यांच्या पद्धतीने तैलरंगात सराव करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

चेहऱ्यापासून नको. काठाची साडी खुर्चीच्या पाठीवर टाका, खिडकीचा एकाच बाजूचा उजेड घ्या आणि फक्त निऱ्या रंगवा.

कॅनव्हासला आधी अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मध्यम तपकिरी थर द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर सावल्या नेहमी जास्त गडद वाटतात आणि त्यामुळे छटांचा अंदाज चुकतो. त्यावर त्याच रंगाने रेखाटन आणि सावल्यांची ढोबळ मांडणी करून ती वाळू द्या. रंग थोडेच ठेवा: पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, एक तेजस्वी लाल, अलिझरिन (गडद किरमिजी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). काळी ट्यूब बंद ठेवा. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून मिळणारा गडद रंग सावलीत जिवंत राहतो, नुसत्या काळ्याने त्वचा राखेसारखी होते.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे थर जवसाच्या तेलाने पुष्ट, हा क्रम मोडू नका. उलट केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि काही महिन्यांत भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, अलिझरिनला फार वेळ लागतो, म्हणून लाल साडीच्या सावल्या बोटाला कोरड्या लागल्या तरी आणखी काही दिवस थांबा. काठाची नक्षी अगदी शेवटी, घड्यांचे छायाप्रकाश पूर्ण झाल्यावर, आणि सावलीत शिरताना नक्षीचा रंगही गडद करत न्या.

मूळ तैलचित्रे कुठे पाहता येतील?

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्याच्या आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा कलादालन, म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या औंधचे श्री भवानी संग्रहालय आवर्जून पाहावे. औंधचे संस्थानिक आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेल्या संग्रहात रविवर्मांची चित्रेही आहेत. जाण्याआधी त्यांच्या एखाद्या छापील चित्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूळ कॅनव्हाससमोर दोन्ही ताडून पाहा. सावल्यांची खोली आणि त्वचेतल्या हिरवट-राखाडी छटा प्रतीत कशा हरवतात ते लगेच कळते.

चित्र परदेशी नेता किंवा विकता येते का?

देशात खरेदी-विक्रीला आडकाठी नाही. परंतु १९७९ मध्ये भारत सरकारने रविवर्मांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलाठेवा कायद्यानुसार त्यांचे तैलचित्र कायमचे देशाबाहेर नेता येत नाही. छापील प्रत शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते का, हे सामान बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या. ती पुरावस्तू नसल्यास तसे प्रमाणपत्र तिथेच मिळते. त्यासाठी चित्राचे, समासाचे आणि मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो आणि लांबी-रुंदीची मापे सोबत ठेवा.